सूर्यभानजींचा पाट आणि एक इंग्रजी शब्द

मला माझ्या इंग्रजीचा भारी गर्व होता, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे लपवण्यासारखं काही उरायचं नाही. अमरावतीच्या एका हायस्कुलात मी इंग्रजी शिकवत असे, आणि शाळा सुटली की लोकांचे अर्ज लिहून देत असे. कुणाची बदली, कुणाची तक्रार, कुणाचं पोस्टाशी भांडण. 'रजा मिळावी' एवढ्या मजकुराचं मी दहा ओळींचं वाक्य करायचो आणि त्यात 'नम्रतापूर्वक' दोनदा यायचं. साहेबलोक ते वाचत होते की नाही, देव जाणे. पण 'हेमचंद्र मास्तरांचं इंग्रजी' असा गावात बोलबाला होता, आणि तो मला आवडायचा.

सूर्यभान भुयार माझ्याकडे पहिल्यांदा आले ते चोपन्न साली. त्यांना अर्ज नको होता. बगलेत रेडिओ दुरुस्तीचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, मागचा पुठ्ठा उडालेला.

"मास्तर, हे वाचून सांगा मले," ते म्हणाले. "पन फुलवून सांगू नका. जेवढं लिवलं तेवढंच."

माझ्या इंग्रजीबद्दल त्यांना कुणीतरी नीट कल्पना दिली होती, हे उघड होतं.

माणूस मोर्शीकडचा, शेतकऱ्याच्या घरातला, मराठी सातवी पास. लढाईच्या काळात जबलपूरला मिलिटरीच्या वायरलेस वर्कशॉपात हेल्पर म्हणून लागला आणि दोन वर्षांत हातात कसब घेऊन परतला. शेती भावांनी सांभाळली. यांनी जवाहर गेटाच्या आत रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे एक फळी, डाख द्यायची तापती सळई, एक मीटर आणि सूर्यभानजी. उंच, काळेशार, धोतरावर खाकी सदरा. बोलणं असं रोखठोक, की पुण्याकडच्या माणसाला वाटावं हा भांडतोय.

दर रविवारी सकाळी आमचं वाचन चाले. मी वाचायचो, अर्थ सांगायचो, आणि एका शब्दाला तीन-तीन प्रतिशब्द द्यायचो. विद्वत्ता दाखवायला दुसरं ठिकाण कुठे होतं?

"एका पुर्ज्याले तीन नावं काहून?" त्यांनी एकदा विचारलं.

"इंग्रजी समृद्ध भाषा आहे, सूर्यभानजी."

"असन. पन मी मुंबईवरून माल मागवतो, तवा तिथला मानूस त्यातलं कोनतं नाव धरन?"

तेव्हापासून त्यांनी नियम केला. एका वस्तूला एकच नाव, आणि ज्या वस्तूला आपला हात लागला नाही तिचं नाव लिहायचं नाही. रेडिओतून निघालेला मेलेला पुर्जा ते माझ्यापुढे ठेवत, मी पुस्तकातून नाव शोधी, पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर लिही, आणि ते ती दोऱ्याने बांधत. नुसतं नाव नाही, कसा मेला तेही. फळीखाली लाकडी खोकं होतं, त्यात तीन कप्पे. आत कुठेतरी तुटलेल्यांचा 'ओपन'. आतल्या आत चिकटलेल्यांचा 'शॉर्ट'. तिसऱ्या कप्प्यावर कोरी चिठ्ठी.

"हे ना तुटले, ना चिकटले," ते म्हणत. "तरी बिघडले. याईचं नाव अजून सापडलं नाई."

मी म्हणायचो, 'खराब' लिहा की. ते माझ्याकडे असे बघत, की पुढच्या रविवारपर्यंत मला ती नजर पुरे.

अठ्ठावन्न साली सरकारने खेडोपाडी पंचायतीचे रेडिओ बसवले. आमच्या बाजूच्या बावीस गावांतले सेट सांभाळायचं काम सूर्यभानजींना मिळालं. खेड्यात वीज कुठली? सेट मोठ्या कोरड्या बॅटरीवर चालत, आणि बॅटरी तीन-चार महिने जावी असा सेट बनवणाऱ्या कंपनीचा हिशेब होता. थंडीत सगळं सुरळीत चाललं. संध्याकाळी चावडीपुढे गाव जमायचं, कापसाचे भाव, भजनं, बातम्या. सूर्यभानजी सायकलने, बसने गावोगाव फिरत, आणि गेले की लोक खाट टाकत.

एप्रिल लागला आणि बॅटऱ्या मरायला लागल्या. तीन महिन्यांची बॅटरी पंधरा दिवसांत संपायची. आवाज आधी फाटायचा, मग बसायचा. नवी घातली की तीही पंधरा दिवसांत खलास. बावीसपैकी सोळा गावांत हाच प्रकार.

माणसं बोलायला लागली. त्यांच्याच गावचे सरपंच खुशालराव भर चावडीत म्हणाले, "नवी बॅटरी सूर्यभान बाजारात इकते आन् जुनी इथं घालते. दुसरं काय असन?" हे शब्द सगळीकडे पसरले. सूर्यभानजींच्या बायको मनकर्णाबाई माहेरच्या लग्नाला गेल्या, तिथे पंगतीत कुणीतरी विचारलं, "बॅटरीचे लाडू कसे लागतात वं?" बाई पानावरून उठून आल्या. सूर्यभानजींनी ते मला सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातली सळई नुसतीच तापत होती. पंधरा वर्षांत जमवलेली एकच चीज त्यांच्याकडे होती, ती म्हणजे नाव. तेच चाललं होतं.

दोष कुठे आहे हे त्यांनी शोधून काढलं होतं. त्या रेडिओत दोन व्हॉल्व्हच्या मध्ये बोटाच्या पेराएवढा एक कंडेन्सर बसवलेला, दोघांना जोडणारा म्हणून 'कपलिंग कंडेन्सर'. आवाज पुढे जाऊ द्यायचा आणि बॅटरीचा प्रवाह अडवायचा, हे त्याचं काम. थोडक्यात, दारावरचा चौकीदार. त्याने प्रवाह सोडला तर पुढचा व्हॉल्व्ह बॅटरी गटागटा पिऊन टाकतो.

"लिवा कंपनीले," ते म्हणाले. "कंडेन्सर प्रवाह सोडून राहिला."

आणि मी लिहिलं. आता सांगायलाही लाज वाटते. त्या पत्रातल्या माझ्या इंग्रजी वाक्याचा मराठी अर्थ असा: 'सदरहू कंडेन्सर आपल्या पवित्र कर्तव्याच्या पूर्तीस सर्वथैव असमर्थ ठरून शोचनीय अवस्थेस प्राप्त झाले आहेत.' वर तीन कंडेन्सर डबीत घालून पाठवले. मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा सूर्यभानजींनी विचारलं होतं, "यात 'सोडून राहिला' कुठं आलं?" मी म्हणालो, ते अध्याहृत आहे. अध्याहृत! त्यांना वाटलं असेल, तोही एखादा पुर्जा.

कंपनीचं उत्तर पंधरा दिवसांत आलं, चार ओळींचं. आपण पाठवलेले तिन्ही कंडेन्सर आमच्या प्रयोगशाळेत तपासले. एकही ओपन नाही, एकही शॉर्ट नाही. 'असमर्थ' या शब्दाचा आम्हांस बोध झाला नाही. बॅटऱ्या लवकर संपतात त्याअर्थी सेट ठरल्यापेक्षा जास्त तास वाजवले जात असावेत, किंवा स्थानिक मेकॅनिकने त्यांत ढवळाढवळ केली असावी.

त्याची एक प्रत पंचायतीच्या रेडिओंचं काम पाहणारे सरकारी प्रचार अधिकारी केशवराव यांच्याकडे गेली. माणूस वाईट नव्हता, पण कागदापुढे तोही काय करणार? त्यांनी सूर्यभानजींना कळवलं, की वीस मेला कंपनीचे इंजिनिअर अकोल्याला येत आहेत. तिथल्या ऑफिसात हजर राहून म्हणणं सिद्ध करा. नाहीतर काम काढून घेऊ आणि बॅटऱ्यांची चौकशी पोलिसांकडे देऊ.

मी त्यांच्या दुकानी गेलो आणि म्हणालो, "चूक माझी आहे."

"आहे," ते म्हणाले. "बसा. आता नीट लिवू."

असा माणूस. रागावलेही नाहीत. त्यापेक्षा रागावले असते तर बरं वाटलं असतं.

आम्ही बसलो. मी शब्द काढायचा आणि त्यांनी मोडायचा, असं चाललं. डिफेक्टिव्ह? "म्हंजे काय? लंगडाही डिफेक्टिव्ह, आंधळाही डिफेक्टिव्ह." वीक? "वीक असता तं सकाळी कसा चालला? सकाळी सेट बरोबर, दुपारी तापला का रातीपर्यंत बिघडलेलाच राहते." डॅमेज्ड? "कोनं केलं डॅमेज? मी? तेच तं ते म्हनून राहिले."

मग ते उठले आणि कोपऱ्यातल्या माठावर हात फिरवून ओला तळवा माझ्यापुढे धरला.

"हा माठ फुटला का?"

"नाही."

"पानी बाहीर येऊन राहिलं का नाई? कुंभाराले जाऊन सांगतलं का माठ फुटला, तं तो वाजवून पाहीन आन् म्हनन, अख्खा आहे. त्याचं बी खरं. फुटला नाई, झिरपते. मास्तर, 'झिरपते'ले इंग्रजीत काय म्हनतात? रेडिओवाले काय म्हनतात ते सांगा, तुमचे वकील काय म्हनतात ते नको."

मी पुस्तकाच्या शेवटची अक्षरवार यादी काढली आणि बोट ठेवून खाली येऊ लागलो. पाच वर्षं ते पुस्तक आम्ही वाचत होतो, पण पुढून. एल अक्षरात तो शब्द मिळाला. लीकेज. दिलेल्या पानावर चार ओळी होत्या, आणि त्यात जे लिहिलं होतं ते शब्दाला शब्द सूर्यभानजी महिनाभर वऱ्हाडीत सांगत होते. मी वाचलं. त्यांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा खाली आला.

शब्द मिळाला, पण तो लिहायला ते तयार होईनात. आधी हात लागला पाहिजे. घरी जाऊन त्यांनी मनकर्णाबाईंचा जेवायला बसायचा सागवानी पाट आणला, त्यावर खिळे ठोकले आणि खिळ्यांना तारा गुंडाळून रेडिओचा तेवढाच भाग मांडला: बॅटरी, कंडेन्सर, पलीकडे मीटर. चौकीदार जागा असेल तर काटा शून्यावर राहणार. मी शाळेच्या प्रयोगशाळेतून तापमापक आणला. दोन दिवस आम्ही तो पाट सावलीत, ओसरीत, टिनाच्या छपरावर नेऊन ठेवला आणि कितीला काटा हलतो ते लिहिलं. 'फार गरम' असं मी एकदा लिहिलं, ते त्यांनी खोडायला लावलं.

"फार म्हंजे किती? आकडा लिवा."

वीस मेला बडनेऱ्याहून आम्ही पॅसेंजर गाडी धरली. पाट सूर्यभानजींच्या मांडीवर, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. समोरच्या बाईंनी विचारलं, "मुंज हाये का जी कोनाची?" सूर्यभानजी म्हणाले, "माझीच समजा."

अकोल्याच्या त्या ऑफिसात शिरलो आणि जीव सुखावला. दारं-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, बाहेरून पुंजाराम नावाचा शिपाई त्यांवर पाणी मारतोय, आत वाळ्याचा गार वास. टेबलामागे केशवराव आणि कंपनीचे इंजिनिअर गोपाळकृष्ण नाडकर्णी. तिशीतला, नीटनेटका माणूस. सूर्यभानजींचा पाट बघून तो हसला नाही, एवढं त्याचं मी तेव्हाच मान्य केलं.

"जोडणी बरोबर आहे," तो पाटावर वाकून म्हणाला. "चालू करा."

सूर्यभानजींनी तार लावली. काटा शून्यावर. आम्ही वाट पाहिली. काटा शून्यावर. नाडकर्णी साहेबांनी स्वतः आम्ही आणलेला दुसरा कंडेन्सर लावला. काटा तिथेच. केशवरावांनी घसा साफ केला. पोलीस, खुशालराव, मनकर्णाबाई, सगळं डोळ्यांपुढून गेलं. आणि माझ्या खिशात त्या दोन दिवसांनंतर आम्ही स्वच्छ लिहिलेला कागद, आकड्यांसकट.

"आमच्या प्रयोगशाळेतही असंच आलं होतं," साहेब म्हणाले. बोलण्यात चिडचिड नव्हती, उलट वाईट वाटल्यासारखं होतं.

सूर्यभानजींनी माझ्या हातून तापमापक घेतला आणि पाटावर आडवा ठेवला. सव्वीस अंश.

"साहेब," ते म्हणाले, "चावडीवर टिनाचं छप्पर राहते, ताटी नाई राहत. तिथं पुंजाराम पानी मारत नाई. बाहीर चाला."

पाट उचलून ते सरळ व्हरांड्याच्या पायऱ्या उतरले आणि अंगणातल्या उन्हात त्यांनी तो जमिनीवर ठेवला. अकोल्याचं वीस मेचं ऊन, दुपारचा एक. साहेब डोक्यावर रुमाल टाकून उकिडवे बसले, केशवरावांनी छत्री धरली, पुंजाराम बादली घेऊन तसाच उभा. पाच मिनिटं. तापमापक चाळीसच्या पुढे गेला. काटा थरथरला. सत्तेचाळीस. काटा शून्य सोडून निघाला. बावन्नला तो मीटरवरच्या त्या रेघेच्या पार गेला, जी सूर्यभानजींनी अमरावतीत पेन्सिलीने मारून ठेवली होती.

"थांबा," साहेब म्हणाले. आत धावत गेले आणि आपल्या बॅगेतून, मुंबईहून आणलेला, कुणाचा हात न लागलेला कोरा कंडेन्सर घेऊन आले. तो लावला. पुन्हा तेच. मग दुसऱ्या एका कंपनीचा लावला. काटा हलला नाही. मग त्यांनी पाट स्वतः उचलून आत नेला, ताटीजवळ धरला, आणि आम्ही चौघंजण काटा हळूहळू शून्यावर उतरताना बघत राहिलो. पुन्हा बाहेर, पुन्हा चढला. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी पुंजाराम ओरडला, "चढला ना बाप्पा!" आणि त्याला कुणी रागावलं नाही. मला तर नाचावंसं वाटत होतं.

साहेबांनी घाम पुसत अहवाल लिहायला घेतला आणि मोठ्याने वाचला: अति उष्णतेमुळे कंडेन्सर निकामी. सही करणार, तेवढ्यात सूर्यभानजींनी कागदावर तळवा ठेवला.

"निकामी नाई, साहेब. निकामी असता तं सकाळी वाजलाच नसता. आन् 'अति' म्हंजे?"

"म्हणजे प्रमाणाबाहेर."

"हे परमानाबाहीर नाई. हा आमचा दरसालचा मे महिना आहे. तुमी 'अति' लिवसान तं उद्या कोनी म्हनन, गाववाल्यानं सेट चुलीपाशी ठेवला. मास्तर, आपला कागद द्या."

मी खिशातला कागद काढला. त्यावर एकच इंग्रजी वाक्य होतं. मराठीत सांगायचं तर: 'या भागातल्या नेहमीच्या उन्हाळी तापमानात कपलिंग कंडेन्सरमध्ये लीकेज सुरू होते, थंड झाल्यावर ते दिसत नाही.' खाली आकडे. त्यात एकही 'नम्रतापूर्वक' नव्हतं. साहेबांनी ते दोनदा वाचलं, आपला अहवाल मधोमध फाडला आणि आमचं वाक्य जसंच्या तसं उतरवून खाली सही ठोकली.

परतताना बडनेऱ्याला उतरून अमरावतीला आल्यावर सूर्यभानजींनी मला घरी जाऊ दिलं नाही. दुकान उघडलं, खोकं ओढलं आणि तिसऱ्या कप्प्यावरची कोरी चिठ्ठी माझ्यापुढे केली. मी लिहिलं: 'लीकी'. त्या दिवशी माझं अक्षर जितकं चांगलं आलं तितकं पुन्हा कधी आलं नाही.

जूनमध्ये कंपनीने सोळाही सेटांचे कंडेन्सर बदलून दिले, आणि तेव्हा घातलेली बॅटरी पोळा आला तरी खणखणीत चालत होती. पोळ्याला मी त्यांच्या गावी गेलो होतो. सजलेले बैल परत गेले, चावडीवर रेडिओ लागला, आणि खुशालराव उठून उभे राहिले.

"सूर्यभान, म्या बोललो ते चुकलं. सगळ्याईच्या समोर बोललो होतो, सगळ्याईच्या समोर वापस घेतो."

"मले नका देऊ वापस," सूर्यभानजी म्हणाले. "मनकर्णाले द्या. पानावरून ते उठली होती."

खुशालराव बायकांच्या बाजूला गेले आणि त्यांनी हात जोडले. मनकर्णाबाईंनी पदर सारखा केला. डोळे भरले होते, पण आवाज ठणठणीत. "ते झालं जी. पन याईले सांगा, माहा पाट वापस द्या म्हना. चार महिने झाले, भुईवर बसून जेवून राहिली मी." सगळी चावडी हसली, खुशालराव सगळ्यांत जोरात.

दिवाळीनंतर आमचे हेडमास्तर मोरोपंत यांनी मला शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर बोलावलं. हातात एक छापील परिपत्रक होतं, केशवरावांनी पाठवलेलं. कंपनीने उष्ण प्रदेशातल्या आपल्या सगळ्या मेकॅनिकांना ते धाडलं होतं, आणि पहिल्याच ओळीत आमचं वाक्य होतं, शब्दाचाही फरक नाही. खाली नाव कुणाचंच नव्हतं.

"हेमचंद्र, हे इंग्रजी तुमचं ना?" मोरोपंत म्हणाले. "केशवराव म्हणतात, वाक्य अमरावतीहून आलं. वा! काय नेमकं लिहिलंय!"

सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो क्षण हाच, आणि खोटं कशाला बोलू, एक घोटभर मोह झाला. मग मी म्हणालो, "नाही. हे इंग्रजी जवाहर गेटाजवळच्या सूर्यभान भुयार यांचं आहे. मी फक्त अक्षर काढलं."

मोरोपंतांना वाटलं मी विनय करतोय. म्हणून मी परिपत्रक त्यांच्या हातून घेतलं, पेन उघडलं, आणि त्या वाक्याच्या खाली, रिकाम्या जागेत, ठळक लिहिलं: सूर्यभान भुयार, रेडिओ मेकॅनिक, अमरावती. शाई वाळेपर्यंत थांबलो आणि शाळा सुटल्यावर तो कागद त्यांच्या दुकानात फळीच्या वर चिकटवून आलो.